गर्दीमावशी आणि उद्घाटनाचा नळ

पहिली टाळी कशी वाजते, हे आपल्याला ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटतं. काही ठाऊक नसतं. भरल्या सभेत पहिली टाळी वाजवायला छाती लागते आणि ती फार थोड्यांकडे असते. बाकीचे शेजाऱ्याच्या हातांकडे बघतात आणि मग आपले हात हलवतात. आमच्या शहरात ही पहिली टाळी केव्हा वाजायची, हे एक बाई ठरवत असे. तिचं खरं नाव मतदार यादीत असेल तर असेल, आम्ही सगळे तिला गर्दीमावशी म्हणायचो.

मी भोंगेवाला. सभा कुठल्याही पक्षाची असो, लाउडस्पीकर माझे. त्यामुळे मावशीची आणि माझी भेट रोजची आणि खटकाही रोजचा. तिचं म्हणणं, माझा आवाज फार मोठा. माझं म्हणणं, तिची माणसं भाषण चालू असताना फार बडबडतात. "भोंग्या, तुझे ते डबे जरा बारीक कर, माझ्या म्हाताऱ्यांचे कान फुटतील," असं ती ओरडायची. मी हो म्हणायचो आणि आवाज होता तिथेच ठेवायचो.

आपल्या पायांनी सभेला येणारी माणसं आमच्या पुढाऱ्यांनी कधीच गमावली होती. मग निरोप जायचा मावशीकडे. ती ट्रक भरभरून माणसं आणायची. दिवसाची मजुरी आणि जेवणाचं पाकीट, असा व्यवहार. पण नुसती माणसं ओतून ती गप्प बसत नसे. डुलक्या न घेणारे चेहरे पुढे, खोकला झालेले मागे, लेकुरवाळ्या बायका कडेला, म्हणजे पोर रडलं की चटकन बाहेर नेता येतं. एक मान डोलावणारे काका होते. त्यांना भाषण समजो न समजो, मान अशी डोलवायचे की वक्त्याला वाटावं, आपण काहीतरी फार खोल बोललो. त्यांना ती बरोबर वक्त्याच्या नजरेसमोर बसवायची.

स्वतः मावशी व्यासपीठाच्या बाजूला एका घडीच्या स्टुलावर बसायची, हातात काळी छत्री. छत्री वर गेली की टाळ्या. हलली की घोषणा. मांडीवर आडवी ठेवली की शांतता. एवढीच भाषा, पण सगळ्या गर्दीला पाठ. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याच्या शोकसभेत अचानक पाऊस आला. मावशीने बिचारीने डोकं भिजू नये म्हणून छत्री उघडून वर धरली, आणि फोटोला हार घालत असतानाच टाळ्यांचा कडकडाट झाला. मृताच्या भावाने वळून असं पाहिलं की मी घाईघाईने माइक बंद केला. त्या दिवसापासून कितीही पाऊस असो, कितीही ऊन असो, मावशीने डोक्यावर छत्री धरली नाही. भिजायची, पण छत्री बगलेतच.

हे सगळं ती शिकली नाटक कंपनीत. तिथे ती "जमाव" होती. दरबारात प्रजा, लढाईत पळणारे लोक, लग्नात वऱ्हाड. मुख्य भूमिका जन्मात मिळाली नाही. पण नायिका मेल्यावर जमावाने कसं हळूहळू रडत जायचं, एकदम भोकाड पसरायचं नाही, हे तिने इतक्या जणींना शिकवलं की कंपनीचा मालक तिच्याशी अदबीने बोलायचा. कंपनी बुडाली. थिएटरचा मालक निवडणुकीला उभा राहिला, त्याला रिकाम्या खुर्च्यांची भीती वाटू लागली, आणि त्याने जुना जमाव बोलावला. तिथून हा धंदा सुरू झाला.

तिचा नवरा जहाजावर स्वयंपाकी. वर्षातून एकदा घरी यायचा आणि ओसरीत पाय पसरून जगाच्या गोष्टी सांगायचा. एका देशात म्हणे मंत्री दवाखाना बघायला आला की शेजारच्या दवाखान्यातल्या खाटा रोग्यांसकट उचलून आणतात. दुसऱ्या एका देशात महालाच्या खिडकीतून दिसेल तेवढाच रस्ता डांबरी असतो, वळणानंतर चिखल. "आणि श्रीमंत देशात?" मी विचारलं. "तिकडे असलं गबाळं काम नसतं," तो म्हणाला. "तिकडे चांगले कपडे घालून जेवायला बसतात आणि चोरीचाच कायदा करून टाकतात. सगळं कसं नियमात."

"म्हणजे सगळीकडे चोर सारखेच," मी म्हणालो. "मग कुठे जास्त चालतं, कुठे कमी, असं का?"

मावशी कप भरत होती. ती म्हणाली, "खोटं एकट्याला जमत नाही, भोंग्या. त्याला गर्दी लागते. जिथे गर्दी मिळते तिथे चालतं. ती मी पुरवते. घे, चहा घे."

असं ती बोलायची. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

मावशी राहायची शहराच्या टोकाला, टेकडीवर. टेकडीला पाणी नव्हतं. टँकर यायचा तो त्याच्या मर्जीने, आणि आला की पायथ्याशी रांग लागायची. टेकडीवर माणसं शंभर ठिकाणांहून आलेली, एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. पण रांगेचे नियम सगळ्यांना एकच. ढकलाढकली केली की शेवटी जायचं. म्हाताऱ्यांना पुढे घ्यायचं. आणि शेवटचं भांडं भरेपर्यंत कुणी तोटी बंद करायची नाही, कुणी म्हणजे कुणीच नाही. एकदा एका नगरसेवकाच्या भाच्याने मध्येच तोटी बंद केली, तर बायकांनी त्याला बखोट धरून रांगेच्या शेवटी उभं केलं आणि त्याच्या हातात एक बादलीही दिली.

पाण्यापायी टेकडीच्या नाकी नऊ आले होते. मुलींच्या शाळा सुटल्या, कारण टँकर शाळेच्याच वेळेला यायचा. बायकांचे गुडघे गेले. आणि मावशीची लेक घरी येईनाशी झाली. लेक खाली शहरात दिलेली. तिला मुलगी झाली. मावशी म्हणाली, चार दिवस ये माझ्याकडे. लेक म्हणाली, "आई, राग मानू नकोस. तान्ह्या पोरीला घेऊन बिनपाण्याच्या घरात कशी राहू? तुझ्याकडे पाणी आलं ना, की त्या दिवशी येते. नक्की."

मावशीने राग मानला नाही. नातीला बघायला तीच खाली जायची, मांडीवर घ्यायची, आणि संध्याकाळी टेकडी चढून परत यायची. पण एक दिवस तिने बाजारातून बाळाला आंघोळ घालायचा पिवळा टब आणला आणि घराच्या भिंतीवर खिळ्याला उलटा टांगला. येणारा-जाणारा विचारायचा, "हे काय?" ती सांगायची, "नातीला या अंगणात माझ्या हाताने आंघोळ घालायची आहे." मागणं एवढंच होतं. पण ते पुरवायला एक अख्खी नळयोजना लागणार होती.

आता नळयोजना कुठे गेली, ते ऐका. टेकडीला पाणी मंजूर झालं, त्याला बाहेरच्या देशातल्या पाहुण्यांनी पैसा दिला. पाणीमंत्र्यांनी पहिली कुदळ मारली. गर्दी मावशीची, टाळ्या टेकडीच्या, आवाज माझा. मग निळे चकचकीत पाइप आले, रस्त्याच्या कडेला मांडले, त्याचाही कार्यक्रम झाला. पुन्हा टाळ्या. मग ते पाइप हळूहळू विरघळायला लागले. कंत्राटदार मंत्र्यांचा मेव्हणा. मेव्हणा गावाबाहेर बंगला बांधत होता आणि बंगल्यात पोहायचा तलाव. इंजिनिअर काही बोलला नाही, त्याला चांगल्या जागी बदली हवी होती. नगरसेवक बोलला नाही, त्याच्या दारापुढे फरशी घातली गेली होती. वर्तमानपत्राला पानभर जाहिराती मिळत होत्या. आणि आम्हाला जेवणाची पाकिटं. प्रत्येकाच्या तोंडात त्याच्या मापाचा घास होता, आणि भरल्या तोंडाने कोण ओरडणार? लोक म्हणतात, वरची चार माणसं बिघडली की सगळं बिघडतं. मी इतक्या सभा पाहिल्यात, मला नाही तसं वाटत. वरच्या चौघांना खालच्या चारशेंचं गप्प बसणं लागतं.

पुढे बातमी आली की ते बाहेरचे पाहुणे स्वतः पाणी बघायला येणार. मंत्र्यांच्या माणसांची धावपळ उडाली. बघता बघता टेकडीच्या पायथ्याशी एक भिंत उभी राहिली, तिच्यावर पांढऱ्या टाइल्स, मधोमध चकचकीत स्टीलचा नळ, आणि वर मंत्र्यांच्या नावाची संगमरवरी पाटी. टेकडी आनंदाने वेडी झाली. मावशीने लेकीला निरोप धाडला, "तयारी कर." टब खिळ्यावरून काढून घासला.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी खांबाला भोंगे बांधत होतो. मावशी म्हाताऱ्यांना सावली कुठे मिळेल ते बघत भिंतीच्या मागे गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून मी गेलो. ती खाली बघत उभी होती. नळाचा पाइप भिंतीतून मागे आला होता आणि तिथे त्याला एक जाड रबरी नळी जोडलेली होती. नळी गवतात लपवून एका सपाट जागेपर्यंत नेली होती. तिथे टँकरच्या चाकांचे ठसे. पाइपलाइनसाठी म्हणून खणलेला चर दोन पावलांवर दगडात संपत होता.

"भोंग्या, हे काय आहे?"

"नळाचं माहेर," मी म्हणालो. माझी जीभ अशीच आहे, वेळकाळ बघत नाही.

मावशी हसली नाही. इतकी वर्षं खोट्याला गर्दी पुरवलेली बाई, पण या एका नळावर तिने मनापासून विश्वास ठेवला होता. "मी टब घासून ठेवला रे," ती म्हणाली. मला त्या क्षणी त्या भिंतीवर लाथ घालावीशी वाटली.

तेवढ्यात मंत्र्यांचा सहायक आला. त्याच्या तोंडी सतत "आवरा, आवरा", म्हणून आम्ही त्याला आवरासाहेब म्हणायचो. "मावशी, उद्या गर्दी टेकडीवरचीच आणा," तो म्हणाला. "खरे लाभार्थी पाहिजेत. पाहुणे चलाख आहेत, भाड्याचे चेहरे ओळखतात. आणि प्रत्येकीच्या हातात रिकामं भांडं द्या. फोटो छान येतो. साहेब पहिलं भांडं भरतील, टाळ्या, की लगेच नळ बंद. आवरा."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्या रबरी नळीकडे, मग परत त्याच्याकडे. "भांडी केवढी आणायची, साहेब?"

"मोठी आणा! फोटोत दिसली पाहिजेत."

"पिंपं चालतील?"

"पळतील!" आवरासाहेब खूश होऊन म्हणाला आणि पळाला.

चूक झाली ती तिथेच. तहानलेल्या माणसांना त्याने तहानेचं नाटक करायला बोलावलं होतं, आणि वर सांगितलं होतं, भांडी मोठी आणा.

संध्याकाळी मावशीने टेकडीच्या बायकांना रोजच्या टँकरच्या रांगेच्या जागी जमवलं. मीही होतो, खांबावरून तारा सोडवायच्या निमित्ताने. तिने काही लपवलं नाही. भिंत, नळी, चर, सगळं सांगितलं.

"उद्याची मजुरी मी घेणार नाही," मावशी म्हणाली. "तुम्हीही घेऊ नका. पाकीटही नको. म्हणजे आपण कुणाला बांधलेलो नाही. टाळी कधी, घोषणा कधी, हे मी आजवर सांगत आले. उद्या काही सांगणार नाही. नाटक नको, काही नको. रोज पाण्यावर जसं वागता तसं वागा."

"एवढंच?" कुणीतरी विचारलं.

"एवढंच."

टेकडीवर एक खडूस आजी होती, तिच्या तोंडाला भलेभले घाबरायचे. ती म्हणाली, "आणि मग त्यांनी टँकरही बंद केला तर? तुझाही धंदा जाईल की गं."

"माझा जाईल," मावशी म्हणाली. "टँकरही कदाचित जाईल. खोटं सांगत नाही. पण उद्या आपण टाळ्या वाजवल्या ना आजी, तर कागदावर आपल्याला पाणी मिळालेलं असेल. मग मागायचं कुणाकडे?"

आजीने पदर खोचला. मग म्हणाली, "माझं पिंप कुणीतरी उचलून आणा रे. माझ्याने होत नाही."

दुसऱ्या दिवशी टेकडी उतरली. मी आयुष्यात इतकी भांडी एका जागी पाहिली नाहीत. बादल्या, कॅन, पिंपं, डबे, पातेली, एकाने तर हातगाडीवर टाकी आणली. आवरासाहेब बघून हरखला. "वा मावशी! कमाल केलीत!" मावशी स्टुलावर बसली. छत्री मांडीवर आडवी. पायाशी पिवळा टब.

मंत्री आले, पाहुणे आले. भाषण झालं. साहेब रंगात आले होते. "माझ्या भगिनींनो, आज या नळातून जे पाणी येणार आहे ते आता कधीही थांबणार नाही!" माझ्या भोंग्यांतून ते वाक्य टेकडीच्या माथ्यापर्यंत गेलं. मग त्यांनी फीत कापली आणि नळ सोडला. धो धो पाणी आलं. खडूस आजीचं पिंप खाली होतं. कॅमेरे लखलखले. साहेब आजीच्या खांद्यावर हात ठेवून हसले, आणि पिंप भरायच्या आतच आवरासाहेब तोटीकडे सरकला.

"हात काढ," आजी म्हणाली.

"आजी, झाला फोटो."

"फोटो झाला ना? मग आता पाणी भरू दे. अजून अर्धं आहे."

पाहुणे बघत होते. आवरासाहेबाने हात काढला. पिंप भरलं. लगेच मागच्या बाईने बादली सारली. तिच्यामागे दुसरीने कॅन. कुणी ओरडलं नाही, कुणी ढकललं नाही. रोजच्यासारखी रांग पुढे सरकत होती, म्हाताऱ्यांना पुढे घेत, एकमेकींची चौकशी करत. पाहुण्यांमधली एक वयस्कर बाई इतकी हरखली की तिने स्वतः एक बादली उचलून बाजूला ठेवायला मदत केली. साहेब हसत होते, पण हसू आता चेहऱ्यावर सुकत चाललं होतं. आवरासाहेबाला दरदरून घाम फुटला. तो वाकून वाकून म्हणत होता, "ताई, आवरा, आवरा." ताई आवरतच होत्या. भरलेलं भांडं आवरून दुसरीला जागा करून देत होत्या.

मग हातगाडीवरची टाकी आली. ती अर्धी भरली असेल नसेल, नळ खोकला. थोडं पाणी, थोडी हवा, पुन्हा थोडं पाणी. मग नुसती हवा. मग तीही नाही.

रांग थांबली. साहेबांनी सवयीने बाजूला पाहिलं, स्टुलाकडे. छत्री मांडीवर आडवी. आवरासाहेब धावत मावशीकडे गेला आणि हात जोडून कुजबुजला, "मावशी, टाळ्या! पटकन टाळ्या घ्या!"

"कशाला?" मावशी म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

आणि तेवढ्यात भिंतीच्या मागून टँकरचा ड्रायव्हर आला. साधा माणूस. त्याला सांगितलं होतं, काही अडचण आली तर साहेबांना विचार. अडचण आली होती. तो हातात ठिबकणारी रबरी नळी घेऊन सरळ व्यासपीठावर चढला आणि माइकपाशी उभ्या असलेल्या मंत्र्यांना अदबीने म्हणाला, "साहेब, टँकर संपला. दुसरा आणू का?"

माइक चालूच होता. माझे भोंगे नवे होते. "दुसरा आणू का" टेकडीवर आदळून परत आलं, आणि पुन्हा गेलं.

आधी आजी हसली. मग तिच्यामागची. मग हसू रांगेच्या टोकापर्यंत गेलं, वळलं आणि परत आलं. लोक पोट धरून हसत होते, डोळे पुसत होते, भांड्यांवर हात आपटत होते. मान डोलावणारे काकाही टेकडीवरचेच, ते पहिल्यांदाच मान जोरजोरात नाही म्हणून हलवत होते. मी किती सभांत किती पैशांचं हसू ऐकलंय! हे फुकट होतं, आणि मी तसलं काही आधी ऐकलेलं नव्हतं. पाहुण्यांतली ती वयस्कर बाई मात्र हसली नाही. ती नळीचा माग काढत भिंतीच्या मागे गेली.

साहेबांनी गाडी गाठली. पण रांग रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती, आणि रांग मोडायची नाही हा तर टेकडीचा नियम. हॉर्न वाजले. कुणी हललं नाही, कुणी शिवी दिली नाही. शेवटी मंत्री गाडीतून उतरले आणि रांगेच्या कडेने चालत निघाले, एकेका रिकाम्या बादलीसमोरून, एकेका बाईच्या नजरेसमोरून. रांगेच्या अगदी शेवटी आता मावशी उभी होती, पिवळा टब घेऊन. साहेब तिच्यापाशी थबकले. "मावशी, तुम्हीसुद्धा?"

"माझा नंबर यायचाय, साहेब," मावशी म्हणाली.

सूड उगवायचा प्रयत्न झालाच. टँकर बंद झाला. आजी म्हणालीच होती. पण मग जे झालं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाची माणसं, वेगवेगळ्या झेंड्यांखाली मावशीच्या शब्दावर बसलेली, उठलेली, ओरडलेली माणसं, हातात कॅन घेऊन टेकडी चढू लागली. न बोलावता. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गर्दी जमवलेल्या बाईसाठी पहिल्यांदाच गर्दी जमली होती. मावशी दारात उभी राहून नुसती रडत होती, आणि आजी तिला सांगत होती, "एकदम भोकाड पसरू नकोस गं, हळूहळू रड." तिला ते कुणी शिकवलं, माहीत नाही.

त्यानंतर मंत्र्यांनी मैदानात सभा घेतली. मी भोंगे बांधले, ते माझं काम. समोर खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर ऊन होतं. साहेबांचा आवाज पलीकडच्या भिंतीला आपटून त्यांच्याच कानावर येत होता. तेव्हा विरोधी पक्षाचा पुढारी हसत हसत मावशीकडे आला. "आता आमच्याकडे या." मावशी म्हणाली, "येऊ की. पण बादल्या घेऊन येऊ. चालेल?" तो चहा अर्धा टाकून उठला.

आणि ही बादल्यांची साथ शहरभर पसरली. रस्त्याचं उद्घाटन झालं की लोक सायकली, हातगाड्या घेऊन फीत कापल्याबरोबर निघायचे आणि रस्ता संपेल तिथे थांबून पाहुण्यांची वाट बघायचे. दवाखाना उघडला की रोगी खाटांवर जाऊन झोपायचे आणि डॉक्टर येईपर्यंत उठायचे नाहीत. उद्घाटन म्हणजे वापरून बघणं, असा अर्थ लोकांनी लावून टाकला. पुढाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काही कार्यक्रम रद्द झाले, आणि काही कामं, चमत्कार म्हणा, आधी पूर्ण झाली आणि मग उद्घाटनं झाली.

नळीमागे गेलेल्या त्या पाहुणीने मागचा पैसा कुठे गेला ते विचारलं आणि पुढचा थांबवला. चौकशी बसली. निळे पाइप मेव्हण्याच्या पोहण्याच्या तलावाखाली निघाले. इंजिनिअरने तोंड उघडलं, मग नगरसेवकाने, मग सगळ्यांनाच आपण पहिल्यापासून विरोधात होतो हे आठवलं. मंत्री गेले. ते गेले त्या दिवशी मावशीला विचारलं, आनंद झाला का? ती म्हणाली, "दुसरा येईल. त्यालाही बघू."

पाहुण्यांचा थांबवलेला पैसा पुन्हा सुटला आणि काम नव्या माणसांनी हाती घेतलं. चर दगड फोडून वर चढला. टेकडीची म्हातारी माणसं रोज चरापाशी खुर्च्या टाकून बसायची, आणि एक पाइप जरी कमी दिसला तर अशी चौकशी करायची की मजुरांना पळता भुई थोडी व्हायची. आणि एका साध्या सकाळी, फीत नाही, भाषण नाही, माझा भोंगा नाही, गल्लीगल्लीतल्या नळांना पाणी आलं. मी ऐकलं आणि धावत टेकडी चढलो. बायका नळ सोडत होत्या, बंद करत होत्या, पुन्हा सोडत होत्या. आजी नळाखाली पाय धरून बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

दुपारच्या आत मावशीची लेक आली. निरोप गेलाच नव्हता, खाली तिच्या कानावर आलं आणि ती निघाली. कडेवर पोरगी, आता पावलं टाकायला लागलेली. मावशीने दोघींकडे बघितलं आणि भिंतीवरचा टब काढला. अंगणात मांडला. चुलीवर पाणी गरम केलं, नळाचं गार पाणी मिसळलं, कोपर बुडवून बघितलं. नातीला टबात बसवलं. पोरगीने आधी टाहो फोडला, मग पाण्यावर हात आपटून बघितला, आणि मग ती जी खिदळायला लागली ती थांबेना. मावशी नखशिखांत भिजली. शेजारच्या बायका, काका, आजी, ड्रायव्हरसुद्धा, कुंपणाशी उभे होते.

ऊन चढलं होतं. पोरीच्या डोळ्यांवर येत होतं, ती डोळे मिटून तोंड वाकडं करू लागली. मावशीने न बघताच मागे हात केला, भिंतीशी टेकलेली काळी छत्री घेतली, उघडली आणि नातीच्या डोक्यावर वर धरली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अंगणात, गल्लीत, वरच्या ओळीतल्या घरांतून, खालच्या नळावरून, जिथून जिथून ती छत्री दिसत होती तिथून. लोक हसत होते आणि वाजवत होते. पोरगी दचकली, मग तिनेही पाण्यात भिजलेले इवले हात एकमेकांवर आपटले. मावशीने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल, छत्री खाली घेईल. तिने घेतली नाही. उलट हात ताठ करून अजून थोडी उंच धरली.